पोपटाचा वेल आणि फिरता रमजान

आधीच सांगते, पोपट म्हणजे इथे पक्षी नाही. आमच्या भंडाऱ्याकडे वालाच्या हिरव्या शेंगांना पोपट म्हणतात. माझ्या माहेरी कामठीत त्यालाच सेम म्हणायचे आणि ती बाजारातून पिशवीत यायची. २००४ साली लग्न होऊन मोहाडीला आले तेव्हा ही शेंग वेलीला लागते की झुडपाला, हेही मला ठाऊक नव्हतं. सून बीएड झालेली, उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणारी, आणि तिला मेथीचं रोप ओळखता येत नाही, याचं माझ्या सासूबाईंना, म्हणजे अम्मींना, फार नवल वाटायचं. त्या स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या.

घरामागची सांदवाडी मोठी नाही. एका बाजूला बोअर, दुसऱ्या बाजूला संडास-न्हाणीघर, मध्ये चार वाफे. माती काळी, कन्हार. धानाला ती उत्तम, भाजीला मात्र डोकेदुखी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात चप्पल रुतून बसते. आमच्याकडे वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच पडून जातो. म्हणून अम्मी राख आणि शेणखत घालून वाफे वीतभर उंच करायच्या. पहिल्या वर्षी मी हौसेने सपाट जमिनीत मेथी टाकली, तीही हस्ताचा पाऊस बाकी असताना. तीन दिवसांत कोंब वर आले, पाचव्या दिवशी सगळे कुजले. अम्मी काही बोलल्या नाहीत. चित्रा नक्षत्र लागल्यावर त्यांनी शेजारच्या वाफ्यात मेथी टाकली आणि मला फक्त बघायला बोलावलं.

घरात दोन कॅलेंडरं होती. रोजे, ईद, शब-ए-बारात यांसाठी उर्दू कॅलेंडर, बियांसाठी नक्षत्रं. पाच वक्ताची नमाज पढणारी बाई ‘मिरग लागला’, ‘आर्द्रा कोरडी गेली’ असं बोलते, याची मला आधी गंमत वाटायची. पुढे वाचनात आलं की यात नवं काहीच नाही. हिजरी महिने चंद्रावर चालतात, त्यामुळे दरवर्षी ते १०-११ दिवसांनी मागे सरकतात आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतात. पीक काही चंद्रावर पिकत नाही. म्हणूनच अकबराच्या काळात सारावसुलीसाठी फसली सन सुरू झाला. मराठेशाहीच्या मोडी कागदांत जो शुहूर सन दिसतो, त्याचं नाव अरबी, वर्षाचे आकडेही अरबी शब्दांत (इसन्ने, सलास, अर्बा), पण वर्ष बदलतं ते सूर्य मृगात गेल्यावर. त्याला मृगसालही म्हणत. खरीप आणि रब्बी हे शब्दसुद्धा अरबीच. रबी म्हणजे वसंत. वर्गात हे सांगते तेव्हा एखादं चुणचुणीत पोर हमखास विचारतं, मॅडम, मग रबिउल अव्वल भर पावसात कसा आला? २०२५ मध्ये तो ऑगस्टच्या शेवटी सुरू झाला होता. रमजानच्या तर धातूतच उष्णता आहे, आणि तो थंडीतही येतो.

माझ्या पहिल्या रमजानमध्ये, २००४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, संडासाच्या छतावर पोपटाचा वेल जांभळ्या फुलांनी भरला होता. ईदच्या आधीच्या आठवड्यात पहिल्या शेंगा उतरल्या. अम्मींनी दाणे सोलून गोश्तमध्ये टाकले. इफ्तारनंतर तो रस्सा भातावर घेऊन खाल्ला, त्याची चव अजून आठवते. अम्मी म्हणाल्या, आता हे पुरं झालं. पुढच्या वर्षीपासून रमजान शेंगांच्या आधीच निघून जाणार.

तसंच झालं. २००८ मध्ये रमजान सप्टेंबरात आला. माझ्या डोक्यात हुशारी आली: वेल जूनऐवजी एप्रिलमध्येच लावू, बोअरचं पाणी देऊ, म्हणजे सप्टेंबरात शेंगा येतील. वेलाने ऑगस्टपर्यंत संडासाचं छत झाकलं, तारेवरून शेजाऱ्यांच्या पेरूवर गेला, त्यात एकदा सापही निघाला. फूल मात्र एक नाही. अम्मी पदराने तोंड झाकून हसल्या. “अगं, ये बेल रोजा थोडी रखती है? थंडी लगेगी तब फुलेगी.” थंडीपेक्षाही रात्रीच्या लांबीचा हा प्रकार आहे, हे मला नंतर कळलं. वालाच्या जुन्या गावठी जाती दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. एप्रिलमध्ये लावा की जूनमध्ये, फुलणार एकाच सुमाराला. पाकिटातल्या बुटक्या सुधारित जातींना हे बंधन नसतं. त्या कधीही लावा, दोनेक महिन्यांत शेंग देतात.

मधली वर्षं भराभर सांगते, कारण त्यांत सांगण्यासारखं कमी आहे. रमजान श्रावणात होता तेव्हा बरबटी, दोडके आणि कोचईच्या पानांच्या वड्या. वांग्यांना दरवर्षी अळी. अर्धी टोपली शेजारच्या गाईला. टमाटर लावणं मी सोडून दिलं, पानं मुरडतात. २०१६ ते २०१८ रमजान मे-जूनमध्ये, पारा ४५ च्या वर, आणि बागेत फक्त पुदिना. तोही अम्मी वजू करायच्या त्या जागेपाशी, तिथल्या ओलाव्यावर जगलेला. शरबतात तेवढाच घरचा. तेव्हा अम्मी बोटांवर हिशेब करायच्या: अजून सात वर्षं, अजून आठ वर्षं, मग रमजान दुसऱ्या बाजूने, उन्हाळ्याकडून हिवाळ्यात शिरेल आणि पोपट पुन्हा इफ्तारीला येईल.

२०२३ च्या पावसाळ्यात अम्मी गेल्या. मृगात त्यांनीच लावलेला वेल नोव्हेंबरात भरभरून लागला. पाहुणे येत होते, आम्ही शेंगा तोडत होतो, खात होतो, वाटत होतो. मार्च आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की बियांसाठी एकही शेंग वेलावर सोडलेली नाही. ते काम अम्मींचं होतं, कुणाला सुचलंच नाही. २०२४ मध्ये मी बाजारातून पाकीट आणलं. झाडं गुडघ्याएवढी, शेंगा लवकर आणि पुष्कळ. वाईट नव्हत्या. पण दाणा लहान, गोश्तमध्ये विरघळून जायचा. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, “मॅडम, आजीचा पोपट नाई लावला का जी?”

त्यानंतर अम्मींच्या लोखंडी पेटीत, दुपट्ट्यांखाली, बिस्किटाचा जुना डबा सापडला. राखेत ठेवलेलं त्याआधीच्या सालचं बी. डब्याचं झाकण गंजून सैल झालं होतं आणि बऱ्याच दाण्यांना भुंग्याने भोकं पाडली होती. अख्खे निघाले अकरा. २०२५ च्या मृगात ते सगळे लावले, उगवले चार. एक वेल माकडांनी ओरबाडला. उरलेल्या तिघांवर डिसेंबरच्या ढगाळ हवेत काळा मावा आला, शेंड्यांवर नुसती काजळी. निंबोळी अर्क आणि साबणाचं पाणी, एक दिवसाआड, शाळेत जाण्याआधी. माझ्या हातांना आठवडाभर तो कडू वास होता. मुलगी म्हणायची, अम्मी, तुमच्या हातची पोळी कडू लागते.

यंदा रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाला. तोवर वेल संपत आले होते, हिरवी शेंग जवळजवळ नव्हतीच. वाळलेल्या शेंगा सोलल्या तर दाणे जेमतेम दीड वाटी भरले. पूर्ण शिजवले तर इफ्तारला सगळ्यांना पुरतील, पण मग बी उरणार नाही. पूर्ण बियाला ठेवले तर ज्याची अम्मींनी इतकी वर्षं वाट पाहिली तो रस्सा यंदाही होणार नाही. मी बराच वेळ सुपासमोर बसून राहिले. शेवटी आधी टपोरे साठ दाणे वेचून बाजूला केले, उरलेले रात्रभर भिजत घातले.

सात माणसांत प्रत्येकाच्या ताटात मोजके दाणे आले. माझे मिस्टर पहिला घास घेऊन थांबले आणि म्हणाले, मीठ कमी आहे. मीठ बरोबर होतं. मी मीठदाणी पुढे केली, त्यांनी ती घेतली नाही. काकूंकडे वाटीभर रस्सा पाठवला. वाटी धुऊन परत करताना त्यांनी एकच विचारलं, “बी ठेवलं ना जी?”

साठ दाणे नव्या राखेत, घट्ट झाकणाच्या डब्यात आहेत. त्यातले दहा काकूंना देणार आहे, म्हणजे एका घरी गेले तरी दुसऱ्या घरी राहतील. पुढच्या वर्षी रमजान आणखी दहा-अकरा दिवस आधी येईल, थोड्या हिरव्या शेंगा मिळायला हरकत नाही. मृगाला अजून वेळ आहे, पण माकडांसाठी जाळी आत्ताच घ्यायला हवी. चांगली जाळी तुमसरला मिळते की भंडाऱ्याला जावं लागेल, कुणाला माहीत असेल तर सांगा.