भट्टीवरचा नान

हॉटेलात 'बटर नान' मागवला की येतो तो लांबट, पातळ, काळे डाग पडलेला. छत्रपती संभाजीनगरात वाढलेल्या माझ्यासारख्याच्या डोळ्यांपुढे मात्र नान म्हटलं की ताटलीएवढा, गुबगुबीत, वरून हळदुवा गोल उभा राहतो. शहागंजात भट्टीपाशी थांबलं की कारागीर गादीवर पसरलेलं पीठ तंदूरच्या भिंतीला थाप मारून चिकटवताना दिसतो आणि फुगून आलं की सळईनं अलगद सोडवतो. गरम नान मोडावा, मटणाच्या खलियावर, म्हणजे रश्श्यावर, तरंगणाऱ्या लाल रोगनमध्ये बुडवावा. मटणाआधी तोच संपतो.

१३२७ साली महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्या फौजेबरोबर नान-खलिया इथं आला असं आमच्याकडे सांगतात. मला ते पटतं. हे जेवण मुळी चौघांसाठी होतच नाही. लहानपणी शेजारी लग्न निघालं की आदल्या रात्री गल्लीत चुली पेटायच्या, देगा चढायच्या, सकाळी भट्टीवरून नानांच्या टोपल्या यायच्या. दस्तरखानावर अनोळखी माणसाशेजारी मांडी घालून बसायचं आणि एकाच ताटातला नान मोडायचा. पोळी-भाकरी घरची, नान गावाचा, ही वाटणी तेव्हापासून मनात पक्की आहे.

नावात नान असला तरी नानखटाईत ना खमीर, ना तंदूर. पण तीही आमच्या घरी बाहेरच भाजली जायची. सुट्टीत आई मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून बेकरीवर न्यायची, नंबर लावायची. तिथं बायकांच्या गप्पा रंगायच्या, आणि एकमेकींच्या ट्रेमधली एकेक नानखटाई चाखल्याशिवाय कुणी घरी जात नसे.

पुढे हैदराबादेत चार कोनांचा नान खाल्ला. तिथल्या निजामाच्या पिवळ्या झेंड्यावरचं गोल चिन्ह म्हणजे कुलचा, आणि त्यामागची कथा आमच्याच शहरातली. पहिल्या निजामाला इथले सूफी संत निजामुद्दीन औरंगाबादी यांनी जेवायला बसवलं, त्यानं सात कुलचे खाल्ले, म्हणून सात पिढ्या राज्य करतील असा आशीर्वाद मिळाला, असं म्हणतात. १७४८ मध्ये तो वारला. कबर खुलताबादला आहे. सातव्या निजामाची सत्ता १९४८ मध्ये गेली. भविष्य खरं ठरलं म्हणून लोक ही कथा सांगतात. मला आवडतं ते त्याच्या आधीचं: भुकेल्या पाहुण्याला कुणी "आता पुरे" म्हटलं नाही.