गॉफ चौकांतील क्रियापदें

लंडनमध्यें फ्लीट स्ट्रीट नांवाचा जो जुना रस्ता आहे, त्याच्या उत्तरेस अरुंद बोळांचें जाळें पसरलें आहे. त्यांतून वाट काढीत गेलें म्हणजे एक लहानसा फरसबंद चौक लागतो. त्यास गॉफ स्क्वेअर म्हणतात. चौकाच्या एका टोकास इ. स. १७०० च्या सुमारास बांधलेलें विटांचें उंच घर उभें आहे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचें बिऱ्हाड १७४८ पासून १७५९ पर्यंत येथें होतें. याच घराच्या माळ्यावर सहा लेखनिक हाताशीं घेऊन त्यांनीं इंग्रजी भाषेचा आपला कोश सिद्ध केला. तो १७५५ मध्यें प्रसिद्ध झाला. पुढें घराची दुर्दशा झाली असतां १९११ मध्यें सेसिल हार्म्सवर्थ यांनीं तें विकत घेऊन वांचविलें. आज तेथें संग्रहालय आहे.

गेल्या वर्षीं आम्ही तेथें गेलों, तेव्हां बरोबर आमच्या वहिनी होत्या. मुलाकडे राहावयास येऊन त्यांस चार महिने झाले होते. इंग्रजी पुस्तकें त्या सहज वाचतात. बोलतांना मात्र क्रियापदापाशीं अडतात. नातवंडें तिकडेच वाढलेलीं. आजीच्या तोंडून 'लुक'च्या जागीं 'सी' आलें कीं तीं खुदकन् हसत. मुलांच्या मनांत कांहीं वाईट नसे. पण आजीनें गोष्टी सांगणेंच हळूहळू सोडून दिलें होतें, आणि नातवंडांना मराठी पुरेसें येत नव्हतें. आजी घरांत असून मुलें आजीवांचून वाढत होतीं.

जॉन्सन यांच्या कोशांत 'टेक' या एकट्या क्रियापदाचे शंभराहून अधिक अर्थ दिले आहेत. हें ऐकतांच वहिनी माळ्याच्या जिन्यांतच थांबल्या. म्हणाल्या, "भाऊजी, मग आपलें 'लावणें' काय कमी आहे?" खरेंच आहे. आपण दार लावतों, दिवा लावतों, तुळस लावतों, कुंकू लावतों, मुलांना शिस्त लावतों. इंग्रजाला प्रत्येक ठिकाणीं निराळें क्रियापद शोधावें लागतें. उलट 'टेक'च्या पोटीं आपलें औषध घेणें येतें, छायाचित्र काढणें येतें, आणि परीक्षा देणेंही येतें! आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो व मास्तर ती घेतात. त्यांच्याकडे विद्यार्थी ती 'टेक' करतो, 'गिव्ह' करणारे मास्तर. आमच्या ओळखीच्या एका मुलीनें नोकरीच्या मुलाखतींत आपण नुकतीच परीक्षा 'गिव्ह' केल्याचें सांगितलें, तेव्हां समोरच्या गृहस्थांनीं ती किती वर्षें शिकवीत आहे, अशी चौकशी केली.

परंतु ज्या जोड्यांना आपलीं मुलें सर्वांत अधिक भितात, त्यांची उकल बहुधा मराठींतच असते. शब्दार्थांच्या वहींत 'सी' म्हणजे पाहणें आणि 'लुक' म्हणजेही पाहणें असें लिहून घेतलें कीं घोटाळा ठरलेलाच. वस्तुतः 'सी' म्हणजे दिसणें. पाहणें तें 'लुक'. तसेंच 'हिअर' म्हणजे ऐकूं येणें, आणि 'लिसन' म्हणजे कान देऊन ऐकणें. 'से' व 'टेल' यांत म्हणणें व सांगणें यांइतकाच फरक. सांगावयाचें तें कोणाला तरी, म्हणून 'टेल'लाही माणूस लागतो. 'लेंड' आणि 'बॉरो' यांची तर एवढी धास्ती कां घ्यावी? शेजारणीला वाटीभर साखर उसनी देणें आणि तिच्याकडून आणणें, यांत आपल्या घरांतील पांच वर्षांची पोरही चुकत नाहीं.

अर्थात् मराठी सर्वत्र तारील असें नाहीं. 'डू' आणि 'मेक' दोहोंस आपलें एकच करणें. तेथें चहा 'मेक' आणि गृहपाठ 'डू' असें पाठच करावें लागतें. निजणें तें 'लाय', निजवणें तें 'ले', येथपर्यंत ठीक. पण 'लाय'चा भूतकाळही 'ले'च होतो. येथें खुद्द इंग्रजांचे पाय घसरतात, तेव्हां आपण फारसें मनास लावून घेऊं नये. (पाहा, आणखी एक लावणें!) १८३१ मध्यें मुंबईस मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध करणाऱ्या मोल्सवर्थसाहेबांस हीच वाट दुसऱ्या बाजूनें चढावी लागली असेल.

चौकांत जॉन्सन यांच्या लाडक्या हॉज मांजराचा पुतळा आहे. कोशावर बसलेलें मांजर आणि पुढ्यांत कालवांचे शिंपले. नोकरांना त्रास पडून त्यांनीं मांजराचा राग धरूं नये, म्हणून जॉन्सन स्वतः बाजारांत जाऊन त्याच्यासाठीं कालवें आणीत, असें बॉस्वेल यांनीं नमूद केलें आहे. वहिनी तेथें बराच वेळ उभ्या होत्या.

त्या सायंकाळीं त्यांनीं नातीला जवळ बोलावून हॉजची हकीकत इंग्रजींत सांगावयास घेतली. मध्यें एकदां थांबल्या, "दिसलें कीं पाहिलें?" असें स्वतःशींच पुटपुटल्या आणि पुढें चालूं लागल्या. नात हसली नाहीं. तिला मांजराला कालवें खरोखरच आवडतात काय, हें हवें होतें.