मधल्या सुट्टीतली शाळा

मला वर्गात कधी भीती वाटली नाही. भीती होती ती मधल्या सुट्टीची. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं हायस्कूल होतं. मुलांची मुतारी मैदानाच्या पलीकडे, भिंतीआड; शिक्षकांच्या खोलीतून तिकडचं काही दिसत नसे. सातवीपासून तिथे मला अडवायला लागले. धक्काबुक्की, घाणेरडे प्रश्न, अंगावर पाणी उडवणं. मी शाळेत पाणी पिणंच सोडलं. दिवसभर दाबून धरायचं आणि शाळा सुटली की घर गाठायचं. आठवीत लघवीला जळजळ होऊन ताप भरला, तेव्हा आईनं डॉक्टरांकडे नेलं. पाणी भरपूर पीत जा, असं सांगून त्यांनी गोळ्या दिल्या. मी पाणी का पीत नाही, हे कुणी विचारलं नाही.

आपल्याला मुलंच आवडतात हे तेव्हा मला स्वतःलाही उमगलं नव्हतं. पण माझं चालणं, हातवारे, आवाज यांवरून बाकीच्यांनी ठरवून टाकलं होतं. शाळांमध्ये या विषयावर बोलायला गेलं की हमखास ऐकू येतं, ‘आमच्याकडे तसं कुणी नाही.’ मूल येऊन सांगेल, मग बघू, असा त्याचा अर्थ. छळ मात्र तोवर थांबत नाही. मुलाला स्वतःची ओळख पटण्याच्या कितीतरी आधी तो सुरू झालेला असतो.

मुलं जात्याच क्रूर असतात, हे मला मान्य नाही. कवायतीच्या तासाला सर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, ‘मुलींच्या रांगेत जातोस का रे?’ मैदानभर हशा पिकला. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य, त्याच सुरात, पाचवीतली पोरंसुद्धा मला ऐकवत होती. परवानगी वरून मिळाली होती.

आणि वरूनच ती मागेही घेता येते, हे मला मराठीच्या बाईंनी दाखवलं. त्यांना कुणी काही सांगितलं होतं की त्यांनीच पाहिलं होतं, मला कधी कळलं नाही. नववीत असताना त्या मधल्या सुट्टीत आपला डबा घेऊन व्हरांड्याच्या टोकाला बसू लागल्या. तिथून मुतारीकडे जाणारी वाट स्वच्छ दिसायची. मला त्यांनी ना काही विचारलं, ना जवळ बसवून समजूत घातली. ‘अरे, ग्रंथालयाची नोंदवही आजपासून तू लिहायची,’ एवढंच म्हणाल्या. मी पुन्हा पाणी प्यायला लागलो. आज शिक्षक म्हणून वावरताना बाईंच्या त्या व्हरांड्यात बसण्याचं मोल मला जास्त कळतं. पाठोपाठच्या तासिकांमधून मिळणारा तो त्यांचा एकच मोकळा वेळ होता.

पुढे पुण्यात शिकायला आलो. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या समपथिक ट्रस्टमुळे माझ्यासारखी इतर माणसं भेटली. गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी शाळेवर यायच्या आणि बहुतेकांच्या आठवणीत अशी एखादी मुतारी असायची. कुणी दहावीच्या आतच शाळा सोडली होती. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध वगळले, त्या दिवशी आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडून रडलो. तो आनंद खरा होता. पण तो निकाल मोठ्यांसाठी होता. सातवीतल्या मुलाच्या मधल्या सुट्टीपर्यंत तो पोचत नव्हता.

विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१६ मध्ये रॅगिंगविरोधी नियमांत लैंगिक कल आणि तृतीयपंथी असणं, ही कारणं नाव घेऊन घातली. ते नियम महाविद्यालयांपुरते. शालेय पातळीवर एनसीईआरटीनं २०२१ मध्ये तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली. त्यात शौचालयांचा विचार होता, गणवेशाचा होता, पालकांशी कसं बोलावं याचाही होता. बालहक्क आयोगाकडे तक्रार गेली आणि काही दिवसांतच ती पुस्तिका संकेतस्थळावरून काढून टाकण्यात आली. मला त्याचा फार राग आला, अजूनही येतो. आम्हा शिक्षकांच्या हाती तेवढं तरी पडलं होतं.

मी आता पुणे जिल्ह्यात विज्ञान शिकवतो. आमच्या मुख्याध्यापकांना माझ्याविषयी माहीत आहे. शिक्षकांच्या खोलीतही काहींना. तक्रारपेटी, सखी सावित्री समिती हे सगळं आमच्याकडे आहे, कारण तसे शासनाचे आदेश आहेत. पण पेटी कार्यालयाच्या दारात टांगलेली होती. चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसायचा. ती आम्ही जिन्याखाली हलवली आणि चिठ्ठ्या यायला लागल्या. मधल्या सुट्टीत शौचालयाच्या बाजूला एक शिक्षक थांबतो, पाळीपाळीनं. कवायतीला मुलामुलींच्या वेगळ्या रांगांऐवजी आता हजेरी क्रमांकानं उभं करतात. त्याला एका पालकाचाही विरोध झाला नाही.

सध्या शाळेची नियमावली नव्यानं लिहायचं चाललंय. ‘कोणत्याही कारणावरून कुणालाही चिडवू नये’ एवढं पुरे, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं आहे. माझा आग्रह आहे की जात, धर्म, रंग, अपंगत्व यांच्यासोबत मुलाचं बायकी किंवा मुलीचं पुरुषी वागणं आणि लैंगिक कल, हेही स्पष्ट लिहावं. ते वाचणाऱ्या मुलाला आपण त्यात आहोत हे कळलं पाहिजे. ‘सर, पालक काय म्हणतील?’ असं त्यांनी मला विचारलं. पालकसभेत मी स्वतः बोलेन, असं मी त्यांना सांगितलंय.