नान्नजचा माळ

सोलापूर म्हटले की चादरी, शेंगांची चटणी आणि संक्रांतीतील श्रीसिद्धेश्वराची यात्रा यांचे स्मरण कोणासही होते. परंतु शहरापासून बार्शीच्या वाटेने अवघ्या वीसेक किलोमीटरांवर असलेल्या नान्नजच्या माळाकडे मुद्दाम वळणारे प्रवासी थोडेच.

पावसाळा सरता सरता आम्ही तेथे गेलो. डोंगर नाही, देवराई नाही. दृष्टी पोहोचेल तेथवर गुडघाभर गवत आणि त्यातून माना उंचावून पाहणारे काळविटांचे कळप. लांडगा, खोकड, चंडोल हे सारे याच गवताचे आश्रित. या माळाची कीर्ती मात्र झाली ती माळढोकामुळे. उडणाऱ्या पक्ष्यांत अत्यंत वजनदार असा हा पक्षी. नराचे वजन पंधरा किलोंपर्यंत भरते. मादी बहुधा एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. चहूकडे मोकळी नजर, हेच तिचे संरक्षण.

त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य घोषित झाले. त्याचा विस्तार सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावे, शेते, रस्ते सारेच आले. जमिनीच्या व्यवहारावर निर्बंध पडल्याने शेतकरी त्रासला, पक्ष्याविषयी अढी निर्माण झाली. पुढे हे क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. दरम्यान, १९८० च्या सुमारास पुऱ्या झालेल्या उजनी धरणाचे पाणी जिल्ह्यात खेळले, ऊस आला आणि माळरान आकसले. विजेच्या तारांचीही भर पडली. समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी त्यांवर आदळून मरतो. आज देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरले असावेत, असा अंदाज आहे. नान्नजला तर त्याचे दर्शन अत्यंत दुर्मिळ झाले आहे.

आमच्या घरांतून वृक्षारोपण हे पुण्यकर्म मानले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु माळावर लावलेले झाड म्हणजे न बोलावता आलेला पाहुणा होय. येथे गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली, ती सद्‌हेतूनेच. त्यांनी गवताचा प्रकाश अडविला आणि पक्ष्याची नजरही. सरकारी दप्तरात ज्यास ‘पडीक’ म्हणतात, ते वस्तुतः पडीक नसून शेकडो जीवांचे नांदते घर आहे, हे ध्यानी न घेतल्याचे हे फळ.

माळढोक गेलाच, तर राखण कोणासाठी करावयाची, असा प्रश्न कोणी करील. आम्हास वाटते, ज्या गवतावर तो वाढला, त्यावरच काळवीट चरतो आणि लांडगा आपली पिले वाढवितो. गवत राखले तर उरलेल्यांचे घर टिकेल, आणि माळढोक परतलाच तर त्यासही उतरावयास जागा असेल. मुलाबाळांसह तेथे जाणाऱ्यांनी वाट सोडू नये, कुत्री बरोबर नेऊ नयेत आणि ‘येथे झाडे का लावीत नाहीत?’ असे मुलांनी विचारल्यास उत्तर द्यावे: बाळांनो, हा माळ आहे, त्यास माळच राहू द्यावा.