मिठाची पिशवी किती दिवस पुरली

दाढ काढायला गेलो होतो. डेंटिस्टबाईंनी भूल देण्याआधी दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा बघितला, दहा मिनिटं बसवून पुन्हा बघितला. १६८ वर १०४. "आज दाढ राहू दे. आधी तुमच्या डॉक्टरांकडे जा." मला आश्चर्य वाटलं. डोकं दुखत नव्हतं, गरगरत नव्हतं, डोंबिवलीचा पूल चढून रोज धावत गाडी पकडत होतो. ठणकत होती ती फक्त दाढ.

घरच्या डॉक्टरांनी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ प्रेशर मोजायला लावलं, लघवी आणि क्रिएटिनिन तपासलं, टेल्मिसार्टनची गोळी सुरू केली. मग विचारलं, "मीठ किती खाता?"

"बेताचंच. वरून कधीच घेत नाही."

"एक किलोची पिशवी किती दिवस पुरते?"

याचं उत्तर घरात कुणाकडेच नव्हतं. तेलाचा, साखरेचा हिशेब बायकोला तोंडपाठ असतो. मीठ संपलं की येतं, एवढंच. म्हणून नव्या पिशवीवर पेनानं तारीख घातली. आई, ही आणि मी, अशी तीन माणसं. अठ्ठावीस दिवसांनी पिशवी रिकामी. हजार ग्रॅम भागिले चौऱ्याऐंशी, म्हणजे माणशी रोज जवळजवळ १२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे एक लहान चमचा, तोही सपाट.

आईनं लगेच हरकत घेतली : मासे मिठानं चोळून धुतले, ते मीठ मोरीत गेलं, ते कशाला धरतोस? बरोबर होतं. पण मग लोणचं, पापड, फरसाण, पाव आणि गावाहून आलेला खारा बांगडा हे पिशवीत कुठे होते? मोरीत गेलेल्या मिठाची भरपाई त्यांनी केव्हाच केली असणार.

आम्ही शिरोड्याचे. १९३०चा मिठाचा सत्याग्रह झाला ते शिरोडं. माझ्या लहानपणी मिठागरांत करड्या मिठाच्या राशी दिसायच्या, आणि घरात कोपऱ्यात जाड्या मिठाचं मडकं असायचं. पावसाळ्यात त्या मडक्याला पाझर फुटायचा, खालची जमीन ओली व्हायची. डॉक्टर म्हणाले, मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, तेव्हा मला ते मडकंच आठवलं. रसायन वेगळं आहे, हे कबूल. पण समजायला सोपं गेलं. मिठातलं सोडियम रक्तात वाढलं की त्यासोबत पाणीही राहतं, तेवढंच जास्तीचं रक्त हृदयाला त्याच नळ्यांतून ढकलावं लागतं, आणि ज्यादा सोडियम बाहेर काढता काढता मूत्रपिंडं दमतात. वर्षानुवर्षं हा दाब सोसून रक्तवाहिन्या ताठरतात. सगळ्यांचं प्रेशर मिठानं सारखंच चढतं असं नाही. वय वाढलं, मूत्रपिंडं थकली, की जास्त चढतं.

बाबांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा ते एकोणसाठचे होते. सकाळी पेज आणि भाजलेला खारा बांगडा, हा त्यांचा नेम. त्यांचं प्रेशर त्याआधी कुणी मोजल्याचं आईला आठवत नाही. मिठानंच गेले असं म्हणणार नाही, विड्याही होत्या. पण दाढेच्या निमित्तानं मला पट्टा बांधला गेला, त्यांना तो कुणी बांधला नाही.

मीठ कमी केल्यावर पहिले तीन आठवडे घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. आमटीचा पहिला घास घेऊन आईनं सुनेला विचारलं, "मीठ घालूक इसारलंस गो?" आणि कारण कळल्यावर माझ्याकडे वळून, "अळणी जेवूचा, तर जेवूचा कित्याक?" ऑफिसातल्या मित्रानं सैंधव सुचवलं. ते आणलं, मग कळलं की रंग गुलाबी असला तरी तेही बहुतेक सोडियम क्लोराइडच, आणि वर आयोडीनचा भरवसा नाही. मग मी फार हुशारी करून कमी सोडियमचं मीठ आणलं. डॉक्टरांनी पाकीट बघून ते बंद करायला लावलं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. अनेकांना ते चालतं, उपयोगीही पडतं. पण मूत्रपिंडं थकलेली असली किंवा माझ्यासारखी गोळी चालू असली, तर रक्तात पोटॅशियम साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. विचारल्याशिवाय सुरू करू नका, म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

खरा फरक पडला तो पाकिटांमागचं बारीक अक्षर वाचायला लागल्यावर. तिथे मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं, मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. शंभर ग्रॅम शेवेत ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर ते २ ग्रॅम मीठ झालं. पापडात मीठ वेगळं आणि पापडखार वेगळा, दोन्हीकडून सोडियमच. कोकमाचं आगळ मिठावरच टिकतं, त्यामुळे आमच्या सोलकढीलाही कात्री लागली. तिरफळं, ओलं खोबरं, लिंबू, भाजलेलं जिरं यांनी आमटी सावरली. सातव्या आठवड्यात एका लग्नात जेवलो आणि मसालेभात तोंडात धरवेना. बायकोला म्हटलं, आचाऱ्यानं दोनदा मीठ घातलं. पंगतीत बाकी कुणाचीच तक्रार नव्हती.

प्रेशर आता १३२ वर ८४च्या आसपास असतं. गोळी चालूच आहे, ती बंद करण्याचा विचार मी मनातही आणत नाही. दाढ निघाली. पुढची पिशवी एक्कावन्न दिवस पुरली, म्हणजे माणशी साडेसहा ग्रॅम. मी तो आकडा वहीत लिहून दोघींना वाचून दाखवला. ही खूश झाली. आई काहीच बोलली नाही.

गेल्या रविवारी तिच्या कपाटात चष्म्याचं घर शोधताना लुगड्यांमागे चिनीमातीची एक बरणी सापडली. आत शिरोड्याचं जाडं मीठ, अर्धं संपलेलं. भाचा मे महिन्यात येऊन गेला होता.

"तुझ्या पिशवीतला नाय ता," आई म्हणाली. "तुझो हिशेब चुकूक नाय."