ग्रॅम आणि जाच

सोनोग्राफीच्या कागदावर प्रोस्टेट ५० ग्रॅम दिसली की घरात थेट ऑपरेशनची चर्चा सुरू होते. मला हा क्रमच उलटा वाटतो, कारण ग्रंथीचा आकार आणि माणसाचा त्रास जुळतातच असं नाही. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मध्यम त्रासाच्या ५५६ पुरुषांपैकी साधारण निम्म्यांवर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, उरलेल्यांवर नुसती देखरेख राहिली. तीन वर्षांत देखरेखीतल्या जेमतेम चौथ्या हिश्श्याला ऑपरेशन लागलं, आणि शस्त्रक्रियेचा जास्त फायदा झाला तो ज्यांना मुळात जाच जास्त होता त्यांना. हा जाच आपल्याकडे लोकलवर मोजावा. बोरिवलीहून चर्चगेट म्हणजे तासाभराचा प्रवास, आणि डब्यात स्वच्छतागृह नाही! मुलुंडला घरी असलेल्या निवृत्ताला तेवढाच त्रास चालून जातो.

थांबलं तर किडनी बिघडेल, हा आक्षेप खोटा नाही. लघवी वारंवार तुंबली, संसर्ग परतत राहिला, मूत्राशयात खडे झाले किंवा किडनीवर ताण दिसला, तर निवडीचा प्रश्नच फारसा उरत नाही. पण ‘एकदाचं लेझर करून मोकळे व्हा’ म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं, की त्यानंतर पुष्कळांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. गोळ्यांनाही किंमत आहेच: टॅम्सुलोसिन काही दिवसांत आराम देतं, पण उठताना चक्कर येऊ शकते, ड्यूटास्टेराइडचा गुण यायला सहा महिनेही लागतात.