गोठ्याची चित्रशाळा

“जागा नाहीं” हे दोन शब्द आम्हीं आयुष्यांत जितक्या वेळां उच्चारले असतील, तितक्या वेळां देवाचें नांवही घेतलें नसेल. चित्रकलेचा नाद आम्हांस शाळेंतच लागला. परीक्षा दिल्या, एकदोन बक्षिसेंही मिळालीं. पुढें कचेरींतील खुर्ची मिळाली आणि रंगांची पेटी माळ्यावर गेली. “हल्लीं कांहीं काढीत नाहीं वाटतें?” असें कोणीं विचारलें, कीं चार खोल्यांचें घर व त्यांत राहणारीं नऊ माणसें यांचा हिशेब आम्ही त्याच्यापुढें मांडीत असूं. कोल्हापुरांत राहून ही सबब सांगणें हें एक धाडसच होतें. ज्या गांवांत आबालाल रहिमान (मृत्यु 1931) कोटितीर्थाच्या कांठीं उघड्यावर बसून निसर्गचित्रें काढीत, ज्या गांवांत बाबूराव पेंटर (1890–1954) यांनीं चित्रपटाचा कॅमेरासुद्धां आपल्या हातांनीं बनविला, त्या गांवांत खोलीवांचून आमची कला अडून बसली होती! लोक ऐकून घेत, हा त्यांचा चांगुलपणा.

परसांत गोठा होता; पण त्यांत कपिला होती. ती होती तोंपर्यंत गोठा ही ‘जागा’ आहे असें आमच्या मनांतही आलें नाहीं. मातोश्रींचे गुडघे धरले, वैरण महागली, सुना नोकरीवर जाऊं लागल्या, तेव्हां आम्हींच ती गाय एका ओळखीच्या शेतकऱ्यास दिली. ‘दिली’ असें आम्ही म्हणतों. मातोश्री ‘विकली’ असें म्हणतात, आणि पैसे घेतले असल्यामुळें त्यांचेंच म्हणणें खरें धरावें लागतें. दुसऱ्या दिवसापासून दूध पिशवींतून येऊं लागलें. मातोश्री त्या दिवसापासून कोरा चहा पितात.

पेन्शन सुरू झाली तेव्हां आम्हीं गोठ्याची चित्रशाळा करावयाचें ठरविलें. मातोश्रींनीं नकार दिला नाहीं, होकारही दिला नाहीं. “तुझं घर आहे, बाबा,” एवढेंच त्या म्हणाल्या. हें वाक्य ज्यांनीं आपल्या आईच्या तोंडून ऐकलें असेल, त्यांस त्याचें वजन सांगावयास नको.

चित्रकाराच्या खोलीस उत्तरेचा प्रकाश हवा, असें युरोपांतील ग्रंथकार एकमुखानें सांगतात. तिकडे माध्यान्हींचा सूर्य सदा दक्षिणेच्या बाजूस असतो. म्हणून उत्तरेच्या खिडकींतून ऊन सहसा येत नाहीं आणि बहुतेक दिवसभर एकसारखा, शांत उजेड मिळतो. आम्हीं तें प्रमाण मानून उत्तरेकडील पाखींत कांचेचीं आठ कौलें बसविलीं व भिंतींत मोठी खिडकी पाडली. एप्रिलभर फळ्यावरचा प्रकाश अगदीं ग्रंथांत लिहिल्याप्रमाणें वागला; कौलांतून उन्हाची एखादी रेघ बाजूस पडे, तिच्याकडे आम्हीं दुर्लक्ष केलें. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यानंतर मात्र भर दुपारीं कांचेच्या कौलांतून ऊन थेट फळ्यावर उतरलें, आणि तेव्हां आम्हांस भूगोल आठवला. कोल्हापूर विषुववृत्तापासून सुमारें पावणेसतरा अंशांवर. सूर्य तर उत्तरेस साडेतेवीस अंशांपर्यंत जातो. अर्थात् तेव्हांपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माध्यान्हींचा सूर्य आमच्या डोक्याच्या उत्तरेस असतो! ज्यांनीं ग्रंथ लिहिले, त्यांच्या देशीं ही अडचण कधींच येत नसल्यामुळें त्यांनीं ती लिहिली नाहीं. आम्हीं मात्र उन्हांत जन्म काढूनही वर मान करून पाहिलें नव्हतें. कौलांखालीं मांजरपाटाचा पडदा ताणला आणि तंटा मिटला.

त्याहून मोठा तंटा भिंतींनीं मांडला. आम्हीं त्यांस चुन्याचे तीन हात दिले होते. मृगाचा पाऊस सुरू झाला आणि पंधरा दिवसांत कमरेइतक्या उंचीपर्यंतचा चुना पापुद्रे धरून गळूं लागला. खालीं पांढरें, मिठासारखें पीठ सांडलें. गवंड्यास बोलाविलें. त्यानें बोटानें तें पीठ चाचपून पाहिलें व म्हणाला, “सायेब, ह्यो लोणा हाय. गुरं गेली, पर त्यांचं हितंच ऱ्हायलंय.” त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. गोमूत्र वर्षानुवर्षें जमिनींत व भिंतींत मुरतें आणि त्यांतून सोऱ्याच्या जातीचे क्षार तयार होतात. पूर्वीं बंदुकीच्या दारूस लागणारा सोरा अशाच जुन्या गोठ्यांच्या मातींतून काढीत. हे क्षार हवेंतील ओल ओढून घेतात, सुकतांना पुन्हा बाहेर फुलतात आणि फुलतांना वरचा गिलावा ढकलून देतात. वर कितीही चुना लावा, गोठा आपली ओळख सोडीत नाहीं. मातोश्री दारांत उभ्या राहून हें सर्व ऐकत होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. परंतु त्यांच्या मुद्रेवर समाधान दिसलें, असा आमचा आरोप आहे.

पावसाळ्यांत दुसरें काय व्हावयाचें? सरस लावून तयार केलेल्या कापडावर हिरवी बुरशी आली. जवसाच्या तेलाचा रंग कांहीं पाण्याप्रमाणें उडून जाऊन वाळत नाहीं. तो हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतो, आणि कोंदट हवेंत हें काम फार सावकाश चालतें. ह्याच गुणामुळें त्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यांत टाकला तर तो आपोआप तापून पेट घेऊं शकतो. हें कळल्यापासून आमचें कुटुंब रोज रात्रीं कंदील—म्हणजे आतां विजेची बत्ती—घेऊन चित्रशाळेची झडती घेतें, आणि आमच्या चिंध्या परसांतल्या दोरीवर एकएकट्या वाळत असतात. शेजाऱ्यांस त्या पाहून आमच्या ऐपतीविषयीं काय वाटत असेल तें असो.

दसरा झाल्यावर गवंड्यानें गिलावा काढून विटा उघड्या केल्या, त्यांवर ओल्या मातीचा जाड लेप दिला, तो वाळून क्षार शोषून घेतल्यावर खरवडून फेकला, आणि पुन्हा तसेंच केलें. भिंती कोरड्या झाल्या. गव्हाणीवर फळी टाकून आम्हीं रंगांच्या नळ्या मांडल्या, कुंचले जाडीप्रमाणें लावले, दुसऱ्या दिवशीं ते लांबीप्रमाणें लावले. घोडीवर कापड चढविलें. आणि मग आठ दिवस आम्ही त्या कापडापुढें नुसते बसून राहिलों. वाचकहो, जागा होती, उजेड होता, वेळ होता. तीस वर्षें जिच्या आड आम्ही सुखानें राहिलों ती सबब गवंड्यानें गिलाव्याबरोबर खरवडून नेली होती, आणि आंत कांहीं आहे कीं नाहीं हें आतां आमचें आम्हांसच पाहावयाचें होतें. कचेरींत साहेबांपुढें उभें राहतांनाही आम्हांस इतकें भय वाटलें नव्हतें.

वसुबारस आली. त्या दिवशीं आमच्या घरीं दूधतूप वर्ज्य. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. दिवेलागणीस मातोश्री तबक घेऊन भिंत धरीत धरीत परसांत आल्या. आम्हीं उठून वाट दिली. त्यांनीं गव्हाणीस हळदकुंकू वाहिलें, टर्पेंटाइनच्या बाटलीशेजारीं निरांजन ठेवूं लागल्या. आम्हीं घाईनें बाटली दूर केली. “कपिलेची जागा ही,” त्या म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं कोळसा हातांत घेतला आणि कापडावर गाय काढूं लागलों. पाठ जमली, पोळी जमली, डोळाही बरा उतरला. शिंगांपाशीं मात्र हात थांबला. कपिलेचें एक शिंग खालीं वळलेलें होतें, हें पक्कें आठवत होतें, पण कोणतें? बारा वर्षें जी गाय आमच्या परसांत उभी होती, तिचें शिंग आम्हीं कधीं पाहिलेंच नव्हतें. अंदाजानें उजवें वळविलें.

“डावं,” दारांतून आवाज आला. “आणि कपाळावरचा टिळा एवढा वर नव्हता रे.”

आम्हीं फडक्यानें कोळसा झटकला. मातोश्री आपला पाट घेऊन आंत आल्या आणि पूर्वीं जेथें खुंटा होता तेथें बसल्या. “हं, काढ,” त्या म्हणाल्या.